काजळीची वही

“हे अक्षर तुमचं आहे का? एवढंच सांगा.”

डॉक्टर हिर्लेकरांनी वही पुढे धरली. 

लतीफशाने वहीकडे पाहिले नाही. तो माणसाकडे पाहत होता.

“आधी बसा तर, डॉक्टरसाहेब. उन्हातून आलात.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“बरं. मग उभ्याने विचारा.”

नांदखेडच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे, फकिराचा तकिया होता. तकिया म्हणजे एक कडुनिंब, त्याखाली दगडी ओटा, चुना लावलेली एक जुनी कबर आणि पत्र्याची खोली. लतीफशा पंच्याऐंशीचा झाला होता. जन्म तिथलाच. पलीकडे पासष्टीची एक बाई वाकून पाला झाडत होती. तिने पाहुण्याकडे एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा झाडायला लागली.

डॉक्टरांना ‘नाही’ ऐकायचे होते. त्या एका शब्दासाठी शहात्तराव्या वर्षी, पाठ दुखत असताना, ते सात तास गाडीत बसून आले होते.

चाळीस वर्षे त्यांनी लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा एकच आजार धरून ठेवला होता. सकाळी लेकराचे डोळे सुजलेले दिसतात, मग पाय सुजतात, मग पोट. मूत्रपिंडाची गाळणी सैल झालेली असते आणि अंगातले सत्त्व लघवीवाटे वाहून जात असते. गोळ्यांनी सूज उतरते. गोळ्या फार दिवस चालू ठेवल्या तर मूल खुजे राहते, हाडे ठिसूळ होतात. थांबवल्या तर सूज परत येऊ शकते. मग थांबवायच्या केव्हा?

हिर्लेकरांनी उत्तर दिले होते : लवकर. बाराव्या आठवड्याला, एकदम.

त्या उत्तराला त्यांचे नाव मिळाले. हिर्लेकर पद्धत. तीन पिढ्यांचे विद्यार्थी ती पाठ करून परीक्षेला बसले.

उत्तर उभे होते तीनशे बारा वह्यांवर. प्रत्येक आईला एक काचेची नळी, एक लाकडी चिमटा आणि चौकटी आखलेली एक वही दिली होती. लेकराची सकाळची पहिली लघवी नळीत घ्यायची, दिव्यावर तापवायची. साफ राहिली तर चौकटीत शून्य. गढूळ झाली तर फुली. दह्यासारखी झाली तर तीन फुल्या. रोज, न चुकता, वर्षभर.

आता त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे पुस्तक निघायचे होते. पुढच्या महिन्यात पुण्याला सत्कार, त्याच व्यासपीठावर प्रकाशन. पुस्तकात एखाद्या वहीचे छायाचित्र असावे म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनी माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या...

त्याआधी त्या वह्या त्यांनी कधी वाचल्याच नव्हत्या. दवाखान्यात चौकटी भरल्या आहेत की नाहीत एवढेच ते बघत. चौकटीत काय आहे ते सहायक बघत, कार्डांवर उतरवत. कार्डांचे तक्ते होत. तक्ते त्यांच्यापुढे येत. तक्ते सुंदर होते.

“शून्याला शेपूट आहे,” पिशवीतून आणखी वह्या काढत डॉक्टर म्हणाले. “खाली, उजवीकडे. इथे बघा. इथेही. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या बायकांच्या वह्या आहेत ह्या. सगळ्या ह्याच टापूतल्या. एकशे सतरा वह्यांत तेच शेपूट! मी चौकशी केली. सगळे म्हणाले, त्या काळी लिहून द्यायला तकियातला लतीफशाच होता.”

लतीफशाने आता वही घेतली. डोळ्यांजवळ नेली. जुन्या ओळखीचे कोणी भेटावे तसा थोडासा हसला.

“शाळेत मास्तर ह्या शेपटापायी मारायचे. शेपूट काही गेलं नाही.”

“म्हणजे तुमचंच.”

“माझंच.”

डॉक्टर ओट्यावर बसले. बसायला आलो नाही म्हणाले होते, ते विसरले.

...

“तुम्ही काय केलंत, ह्याची तुम्हाला कल्पना आहे?”

“थोडी आहे.”

“हा अपराध आहे.”

“आहे.”

भांडायला आलेल्या माणसाने काय करावे? डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, तशीच पुन्हा घातली.

“नळ्या पाहिल्या होत्या तुम्ही?”

“एकसुद्धा नाही.”

“मग लिहायचात काय?”

“आया सांगायच्या ते.”

डॉक्टरांचा जीव एकदम भांड्यात पडला. ते पुढे सरकले.

“थांबा, थांबा. म्हणजे आया घरी तपासायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून येऊन तुम्हाला सांगायच्या. तुम्ही लेखनिक! अहो, मग आकडे खरेच आहेत की. हात तुमचा असला म्हणून काय झालं?”

लतीफशाने वही मिटून ओट्यावर ठेवली.

“बोला ना.”

“दर बुधवारी दुपारी इथे रांग लागायची, डॉक्टरसाहेब. गुरुवारी तुमचा दवाखाना. बाई वही पुढे ठेवायची. महिनाभराच्या चौकटी कोऱ्या. मी विचारायचो, बाई, काय लिहू?”

“मग?”

“मग ती मलाच विचारायची, डॉक्टरला काय आवडतं?”

...

पाल्यावरचा झाडू थांबला, पुन्हा सुरू झाला.

“असं कसं?” डॉक्टर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. “मला काय आवडायचं? मला खरं हवं होतं.”

“साफ निघालं म्हटलं की तुम्ही लेकराच्या गालाला हात लावायचात. शाबास म्हणायचात. गढूळ म्हटलं की आईला विचारायचात, मीठ घातलंस ना? गोळी चुकवलीस ना? आणि वीस दिवस भरती. घरी दुसरी दोन-तीन लेकरं, म्हैस, मजुरी. वीस दिवस कुठली बाई काढणार?”

“भरती गरजेची होती.”

“असेल. आणि वही कोरी दिसली तर बाकावरूनच परत.”

“तो नियम होता. कोऱ्या वह्यांवर संशोधन होत नाही हो!”

“म्हणून तर भरल्या.”

हे तो टोमणा मारल्यासारखे म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे झाले असते.

“एका पेनाने नाही भरायचो,” लतीफशा पुढे म्हणाला. “एका बैठकीत भरलीय असं दिसू नये. दोन-तीन पेनं ठेवली होती. आणि मध्येच एखादी फुली टाकायचो. सगळीच शून्यं बरी दिसत नाहीत.”

डॉक्टरांनी डोळे मिटले.

त्या तुरळक फुल्या! पहिल्याच निबंधात त्यांनी लिहिले होते : मधूनच येणाऱ्या ह्या फुल्या हाच वह्यांच्या खरेपणाचा पुरावा होय. परदेशातल्या एका सभेत ह्या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. आपल्याला ते वाक्य फार आवडले होते, हेही त्यांना आठवले.

“पण मुलं...” ते म्हणाले. “मुलं मी डोळ्यांनी पाहिली होती. गुरुवारी यायची ती सुजलेली नसायची. गोळ्या बंद करूनही नसायची. ते तर खोटं नाही ना?”

“नाही. ती सुजलेली नसायची.”

“मग झालं तर!”

“गोळ्या तुम्ही बंद केल्या होत्या. त्यांनी केल्या नव्हत्या.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवसापासून एखादी गोळी बाजूला ठेवायच्या. धान्याच्या कणगीत, देवळीत. तुम्ही बंद केल्यावर लेकराचे डोळे जड दिसले की त्यातली काढायच्या. कुणाची संपली तर शेजारणीची आणायच्या. इथे ओट्यावरच अदलाबदल व्हायची, माझ्यासमोर.”

...

दिवाळीपासून डॉक्टरांनी एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. एकशे सतरा वह्या बाजूला काढून त्यांनी तक्ता पुन्हा मांडला होता. रात्रभर नव्हे, दुपारी, जेवण झाल्यावर, शांतपणे. तक्ता उलटला होता : गोळ्या लवकर थांबवलेल्या मुलांतच सूज परत येत होती. मग त्यांनी तो फाडला, कारण अक्षर एकाचे असले तरी आकडे खरे असतील, अशी एक फट उरली होती. त्या फटीतून ते इथवर आले होते.

फट बुजली.

आणि ज्या मुलांच्या आयांकडे साठवलेल्या गोळ्या नव्हत्या? पुढची तीस-पस्तीस वर्षे, जिथे जिथे ही पद्धत गेली तिथे? ती मुले कुठल्याच तक्त्यात नव्हती.

“सगळ्याच आयांनी असं केलं?” त्यांनी विचारले. का विचारले ते त्यांनाही कळले नाही. बहुधा एखादी तरी वाचवायला.

“एक सोडून,” लतीफशा म्हणाला. “एकट्या हिने तुमचं ऐकलं.”

झाडू टेकवून बाई उभी राहिली होती.

“डॉक्टर म्हातारा झाला की वो, बाबा,” ती म्हणाली. “तवा लई चपळ व्हता. वही उघडायच्या आदीच मिटायचा.”

“ही कौतिकाबाई. नवनाथची आई.”

नवनाथ. डॉक्टरांनी आठवून पाहिले. काहीच आठवेना. आणि मग चाळीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

“कितवा नंबर?”

“दोनशे सहा,” कौतिकाबाई म्हणाली.

नंबर ऐकताच डॉक्टरांना आठवले. नंबर त्यांना सगळे आठवत.

“दोनशे सहा वगळलेला आहे.”

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“वगळला म्हंजी काय वो?”

“म्हणजे... धरला नाही.”

“धरला न्हाई,” ती म्हणाली. चव बघावी तसा तिने तो शब्द पुन्हा एकदा उच्चारला, आणि खोलीत गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले काहीतरी होते. गाठ तिनेच सोडली. तीच चौकटींची वही. पहिल्या पानावर तिरपी लाल रेघ, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. रेघेखाली एक शब्द : अविश्वसनीय.

ह्या अक्षराबद्दल विचारायची गरज नव्हती.

अर्ध्या चौकटी कोऱ्या होत्या. अर्ध्यांत काळे डाग, कुठे एक, कुठे तीन.

“लिवाया येत नव्हतं,” कौतिकाबाई म्हणाली. “गावात नवी व्हते. बाबा लिवून देत्यात हे कुनी सांगितलंच न्हाई. नळी चिमणीवर धरली की बुडाला काजळी धरायची. गढूळ दिसलं की काजळीत बोट घालायचं आन् चौकटीत टेकवायचं. लई गढूळ आसलं तर तीनदा.”

“आणि ह्या कोऱ्या?”

“त्या दिवशी साफ व्हतं. काईच नव्हतं, तर काय लिवू?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पान उलटले.

गोळ्या बंद केल्याची तारीख त्यांनी स्वतःच वर घातली होती. तिच्याखाली नऊ चौकटी कोऱ्या. दहाव्या चौकटीत एक बोट. अकराव्या चौकटीतही एक. बाराव्या चौकटीपासून तीन-तीन, तीन-तीन, पानाच्या शेवटापर्यंत. एवढी स्वच्छ नोंद त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कुठल्याही विद्यार्थ्याला दाखवावी अशी.

“त्या गुरुवारी...” ते म्हणाले.

“त्या गुरुवारी तुमी वही उघडली आन् म्हनला, ही वही हाय का तव्याचं बूड? सगळे हसले. दोन डॉक्टरनी व्हत्या त्या हसल्या. म्याबी हसले.”

“तुम्ही?”

“डॉक्टर हसला म्हनून.”

...

“मुलगा बरोबर होता?”

“मांडीवर व्हता की. बाकावर. डोळं उघडत नव्हतं त्येचं, एवढी सूज. तुमी वर बघितलंच न्हाई. तुमची लाल पेन्सिल लई टोकदार व्हती बगा.”

डॉक्टर लतीफशाकडे वळले. त्याने काहीतरी बोलावे, म्हणजे हे इथे थांबेल.

“मग ही माझ्याकडे आली,” लतीफशा म्हणाला. “मी म्हटलं, दुसरी वही आण, साफ भरून देतो, परत घेतील. गोळ्या मिळतील. ही म्हणाली, गढूळ हाय त्याला साफ कसं म्हनू? मग डॉक्टरला कळायचं कसं?”

“मग?”

“मग काय,” कौतिकाबाई म्हणाली. “पोटात पू झाला. सोळा दिस. साडेचार वर्साचं व्हतं लेकरू.”

तिने झाडू उचलला आणि कबरीच्या पलीकडे गेली. पाल्याचा आवाज सुरू झाला.

डॉक्टर ओट्यावरून खाली उतरले. ते खालीच बसले, फकिराच्या समोर, मातीत.

“माझा अपराध किती आणि तुमचा किती?” त्यांनी विचारले. विचारताना त्यांना वाटले, हाही पुन्हा एक तक्ताच झाला.

“वाटणी मला जमली नाही,” लतीफशा म्हणाला. “लिहीत होतो तेव्हा खोटं लिहीत होतो, पण तुमचं दार उघडं होतं. नवनाथ गेला आणि मी पेन टाकलं. ताईतसुद्धा लिहीत नाही. मग बायकांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. मग तुमच्या बाकावरून सगळ्या परत. पुढच्या वर्षी ह्या भागातलं एकही लेकरू तुमच्याकडे आलं नसेल.”

“नाही आलं.”

“तुम्ही काय समजलात?”

 दुसऱ्या निबंधात, तळटिपेत, डॉक्टरांनी लिहिले होते : नांदखेड परिसरातील मुले नंतर तपासणीस आली नाहीत, बहुधा पूर्ण बरी झाली असावीत.

“ती तुम्हाला माफ करते का?” त्यांनी हळूच विचारले.

“नाही.”

“आणि तरी इथेच असते?”

“म्हणून तर असते. माफ केलं असतं तर मला एकट्याने राहावं लागलं असतं.”

...

ऊन उतरले. डॉक्टरांनी पिशवी जवळ ओढली आणि त्यातून कागदांची चळत काढली. पुस्तकाची मुद्रिते. दहा प्रकरणे जुळवून झाली होती. अकराव्याचे नुसते शीर्षक होते : निष्कर्ष. खाली पान मोकळे.

“छापखाना ह्याच्यासाठी थांबलाय,” ते म्हणाले. “चार दिवसांत द्यायचं आहे. पहिल्या रांगेत माझे विद्यार्थी बसतील. त्यातले निम्मे आता प्रमुख आहेत, ठिकठिकाणी. त्यांनी हीच पद्धत शिकवली. मुलगा अमेरिकेहून येणार आहे. नातीने भाषण पाठ केलंय...”

कागद धरलेल्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले. मोकळ्या पानावर, शीर्षकाच्या खाली, एक काळा ठसा उमटला होता. त्यांच्याच बोटाचा. वही चाळताना चाळीस वर्षांची काजळी बोटाला लागली होती.

त्यांनी ठसा पुसायला रुमाल काढला. पुसला तर पसरेल, म्हणून थांबले. रुमाल हातातच राहिला.

लतीफशा त्या ठशाकडे पाहत होता. कौतिकाबाईही झाडायची थांबून पाहत होती. 

“बाबा,” डॉक्टर म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला हाक मारली होती. “मी काय लिहू?”

फकिराने ते पान आपल्याकडे वळवून घेतले. कडुनिंबावर एक साळुंकी ओरडली, गेली.

“तिथे लोक जमणार, ना, डॉक्टरसाहेब?”

“हो. पुष्कळ.”

“आणि ते वाचणार.”

“वाचणार. सगळेच वाचतील.”

लतीफशाने हात पुढे केला, पेन धरल्यासारखी बोटे जुळवली, आणि चाळीस वर्षांपूर्वी दर बुधवारी बसत असेल तसा पाठ वाकवून कोऱ्या पानासमोर बसला.

“त्यांना काय आवडतं?”